कोरडा जोड

सत्त्याऐंशी साली निपाणीकडच्या दहा गावांत उन्हावर चालणारे दिवे बसले. दिवे बसवणाऱ्या खात्याच्या साहेबांनी बजावलं, "पॅनेलमागच्या वायरींच्या जोडात ओल गेली की गंज चढतो. पावसाळाभर ज्या गावाचा जोड कोरडा राहील, त्याला दुसरा दिवा बक्षीस."

दसऱ्याला तपासणी झाली. नऊ गावांचे जोड हिरवे पडलेले. गावचा दिवा सांभाळणाऱ्या कलगोंडाआप्पांचा जोड मात्र नव्या तांब्यासारखा लखलखीत. हलगी कडाडली, साहेबांनी आप्पांच्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, "जमवलं कसं हो?"



"त्यात काय, साहेब. मृगाच्या आधी तंबाखू वखारीत भरली, तवाच पॅनेल बी खांबावरनं उतरून आत ठेवलं. कालच भाईर काढलंय."