शेजारचं लेकरू

आणखी तासभर धुकं राहिलं असतं, तर निबाल्दोच्या पदरात आणखी एक वर्ष पडलं असतं. सव्वीस वर्षं त्याने अशीच मिळवली होती. कधी ट्रकचा गिअर अडकला, कधी रस्त्यावर वाळू आली, एकदा तर स्वतःची दाढ दुखली. पण यंदा सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, सकाळी नऊलाच ऊन पडलं, ट्रक पहिल्या फटक्याला सुरू झाला, आणि सासूबाई, दोन्या एर्मेलिंदा, पत्र्याच्या रंगीत फुलांचा हार मांडीवर घेऊन त्याच्याआधी पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या.

सांता ब्रिहिदाची सोऱ्याची खाण बंद पडली, तेव्हा त्या शेवटच्या गाडीने खाली इकिके शहरात उतरल्या होत्या. त्यानंतर इथे परत आल्या त्या आजच. खाणीच्या वस्तीत आता छपरं नव्हती, दारं नव्हती. नुसत्या भिंतींच्या रांगा उन्हात उभ्या होत्या.

"हा बेकरीवाला," त्या मुलीला, एलियानाला, म्हणाल्या. "इथे आम्ही. आणि हे... हे काय होतं गं?"

"नाटकघर," निबाल्दो बोलून गेला. "इथून डावीकडे वळलं की दफनभूमी."

"वाट बरी पाठ आहे, जावईबापू! इतकी वर्षं तर तुम्हाला रस्ता सापडत नव्हता."

एलियाना हसली. नवरा हसला नाही, हे तिने पाहिलं.

"तुम्ही दोघी सावलीत बसा. मी पुढे होऊन जागा बघून येतो," असं म्हणून तो निघालाच.

विशीत असताना तो इथे घरं उकलायला आला होता. ओसाड घरांची दारं, तुळया, जमिनीच्या फळ्या काढायच्या आणि शहरात विकायच्या. टोळीचा नियम एकच: घरं आपली, थडगी देवाची. पण एका पहाटे हाडं गोठली, सरपण संपलं, आणि कोपऱ्यातल्या एका छोट्या थडग्याभोवतीचा पाळण्यासारखा लाकडी कठडा त्यांनी मोडून जाळला. पुढे लग्न झालं. लग्नाच्या जेवणातच सासूबाईंनी सांगितलं, एलियानाच्या आधी एक मुलगा होता, एलिसेओ, अकरा महिन्यांचा गेला. सांता ब्रिहिदात आहे, कोपऱ्यात. बापाने हाताने कठडा केलाय, अगदी पाळण्यासारखा. निबाल्दोच्या हातातला घास हातातच राहिला होता.

कोपऱ्यात दोन ढिगारे होते. एक उघडा. दुसऱ्याभोवती कठडा होता. ऊन खाऊन करडा पडलेला, पण चारी पायांवर उभा. तो गुडघ्यांवर बसला. आडव्या पट्टीवर खिळ्याने टोचून काढलेली अक्षरं होती. एकेकावर बोट ठेवत त्याने वाचली. ए-लि-से-ओ.

मेव्हणा.

तो पट्टीवर कपाळ टेकून हसत सुटला. मग उठून दोन्ही हात हलवत ओरडला, "आई! आहे! उभा आहे!"

सासूबाई आल्या, हार बांधला, पट्टीवरची धूळ स्वेटरच्या बाहीने पुसली. एलियानाने पाव काढले. आता निबाल्दोच्या तोंडाला खीळ राहिली नव्हती. रस्ता किती चांगला झालाय, पुढच्या वर्षीही येऊ, दरवर्षी येऊ. तेवढ्यात सासूबाईंनी शेजारी पाहिलं.

"आणि हा कुठे गेला?"

"कोण?"

"आमच्या शेजारच्या सुनिल्दाच्या मुलाचा कठडा. एकाच तापाने, एकाच आठवड्यात गेली दोघं. आमच्या ह्यांनी एकाच फळीतून दोन केले होते."

"नेला असेल कुणी," निबाल्दो पाव चावत म्हणाला. "पहाटेची थंडी, आई. चहाला सरपण नको?"

"चहाला?"

पाव तोंडातच थांबला.

"मी नुसतं कुठे गेला विचारलं," सासूबाई म्हणाल्या.

एलियानाने थर्मासचं झाकण हळूच लावलं.

"कितीजण होता?" सासूबाईंनी विचारलं.

"तिघं."

"चहा?"

"दोन-दोन कप."

"साखर?"

"नव्हती."

सासूबाई त्या उघड्या ढिगाऱ्यावरचे खडे वेचून बाजूला टाकू लागल्या. त्या ओरडतील म्हणून तो वाट पाहत होता. छातीवरून मात्र ट्रक उतरल्यासारखं झालं होतं आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती.

"तू 'उभा आहे' म्हणून ओरडलास ना," त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला अरे-तुरे केलं. "तेव्हा मीही देवाचे आभारच मानले. शेजारी काय झालं, ते पाहिलंसुद्धा नाही. सुनिल्दा दक्षिणेत गेली, ती काही येणार नाही." त्यांनी एलिसेओच्या हाराची तार सोडवली आणि अर्धी फुलं पलीकडच्या मातीत खोचली. "ट्रकचा मागचा फाळका लाकडीच आहे ना?"

"नवा आहे, आई. गेल्याच महिन्यात..."

"मग टिकेल. काढ."

त्याने पाना आणला, फाळका उतरवला, फळ्या सुट्या केल्या. मग एलिसेओच्या कठड्याशी बसून वितीने लांबी मोजू लागला.

"त्याचं माप कशाला घेतोस?" सासूबाई म्हणाल्या. "हा तर होता घरातच. त्या पोराने तुमच्या सहा कप चहासाठी तीस वर्षं उघड्यावर काढलीत. ऐसपैस होऊ दे. फळ्या कमी पडल्या तर बाजूचाही काढ."

बाजूचाही काढावा लागला.