मागचं चाक

मागचं चाक एकच गिरकी घेऊन थांबलं.

तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा एक गिरकी, आणि गप्प. सायकल बाल्कनीत उलटी उभी होती, चाकं आभाळाकडे. तिने पुढचं चाक फिरवून बघितलं. ते फिरतच राहिलं. तिने फडकं पिळलं, दांडी पुसली, आत डोकावून बाळाची चाहूल घेतली, तरी ते आपलं फिरतंच आहे.

बाळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं. ती वाकून मागच्या चाकाशी डोळे लावून बसली. ब्रेकचं रबर चाकाच्या कडेला टेकलेलं होतं. जेमतेम, पण टेकलेलं.

म्हणजे इतके दिवस ती ब्रेक लावून सायकल चालवत होती.

रेसची सायकल हे तिचं कॉलेजपासूनचं खूळ. बाळ झाल्यावर नवऱ्याने ती आणून दारात उभी केली, तेव्हा तिला रडूच फुटलं होतं. सगळे म्हणाले, नवशिकीने आधी थोडंच जावं, दहाएक किलोमीटर, मग वाढवावं. दहा कुठले! पाण्याच्या टाकीपर्यंत पोचता पोचता मांड्यांना गोळे यायचे, जीव घशाशी यायचा. चाकातून बारीक घासल्यासारखा आवाज येई. "रेसच्या सायकलींचा असाच येतो," नवरा म्हणाला होता. परतताना ती सायकल हाताने ढकलत आणायची. तळमजल्यावरच्या काकू फाटकातच असायच्या. "आज कोणी कोणाला फिरवून आणलं गं?" ती हसायची. जिना चढेपर्यंत ते हसू विरून जायचं.

"बाळंतपणात अंग खचतंच," तिचे पाय चेपून देताना नवरा म्हणायचा. "कशाला जिवाचा आटापिटा करतेस?"

त्या टाकीपाशीच सगळं अडलं होतं. प्रयोगशाळेतून मॅडमचा फोन येऊन गेला होता. रक्त तपासायच्या टेबलाशी तिची जागा अजून राखून ठेवलेली. येणार की नाही, ते सोमवारपर्यंत सांग. दिवसभर उभं राहायचं काम. जिला टाकी ओलांडता येत नाही, ती दिवसभर उभी कशी राहणार? तिने मनोमन नकार ठरवूनही टाकला होता. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "माझं सोड. तुझी सायकलच सांगतेय ना तुला."

ब्रेकच्या तारेवर एक बारीक गोल पेच होता. तिने तो चिमटीत धरून फिरवला. रबर सुटलं. चाकाला टिचकी मारली, तर ते थांबेचना.

ती तिथेच फतकल मारून बसली आणि एकटीच हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले. अंग खचलं नव्हतं तर! कारखान्यातूनच खोट आली होती, दुसरं काय. नवऱ्याला एवढ्यात सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. उद्या सकाळी टाकी मागे टाकायची, पलीकडून त्याला फोन करायचा आणि मग त्याची यथेच्छ खेचायची: लोकांच्या लिफ्टचे ब्रेक दुरुस्त करतोस, घरातला दिसला नाही होय रे?

संध्याकाळी तो आला. हात धुतले, बाळाचा पापा घेतला आणि रोजच्यासारखा बाल्कनीत गेला. सायकल पुसणं हे त्याने आपणहून घेतलेलं काम. ती आत बाळाला पाजत बसली होती. उघड्या दारातून त्याचे हात दिसत होते. किती मायेने पुसायचा तो!

त्याने साखळी पुसली. सीट पुसली. मग मागचं चाक उचलून फिरवलं.

ते फिरत राहिलं.

त्याचा हात थबकला. मग चिमूट त्या पेचावर गेली. न बघता, अंधारात दिव्याचं बटण सापडावं तशी. एक वेढा. आणखी एक. त्याने पुन्हा चाक फिरवलं. एक गिरकी, आणि थांबलं. त्याने फडकं झटकून कठड्यावर वाळत टाकलं.

बाळ कुरकुरलं. ते ओढत होतं आणि दूध येत नव्हतं.

"तूच आवळतोस?" तिने विचारलं. आवाज आपला की कुणा तिसरीचा, तिला कळेना.

तो दचकून वळला. क्षणभर काहीतरी थाप मारणार असं वाटलं, पण त्याला ती सुचली नाही. "अगं, किंचितच. नवी आहेस तू. सुसाट गेलीस, कुठे आपटलीस म्हणजे? बाळ एवढंसं आहे आपलं."

"आणि सोमवार?"

तो कठड्याकडे वळला. वाळत टाकलेलं फडकं उगाच सरळ करत राहिला.

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. रोज तिच्या पोटऱ्या चेपणारे हेच ते हात. राग अजून यायचा होता.

ती उठून बाल्कनीत आली. बाळाला त्याच्या खांद्यावर दिलं. "ढेकर काढायचा राहिलाय. पाठीवरून हात फिरव." मग वाकून तिने तो पेच सैल केला, अगदी सैल नाही, हवा तेवढा, आणि सायकल खांद्यावर टाकून जिना उतरली. तो बाळाला घेऊन धावतपळत मागोमाग फाटकापर्यंत आला.

"अगं, थांब तरी! किती लांब जाणार आहेस?"

तिने पेडलवर पाय ठेवला.

"काय माहीत," ती म्हणाली. "अजून मी चालवलीच कुठे आहे!"