बडीशेपेचे टोस्ट

नोमासोन्तोनं बटण दाबलं आणि दिवा लाल लागला.

"लागली की लॉटरी, मावशी!" फाटकावरचा रखवालदार दुमेझ्वेनी हसला. "जा, सिस्टरकडे बाटली भरून ये."

कोळशाच्या खाणीत शिरताना प्रत्येकानं ते बटण दाबायचं असतं. हिरवा लागला की आत, लाल लागला की नशा केलीय का, ते बघायला लघवीची तपासणी. यंत्र कधीही कुणालाही निवडतं, त्यापुढे कुणाचा वशिला चालत नाही, मॅनेजरचासुद्धा. गेले आठ महिने तिला रोज हिरवा लागत होता आणि गेले आठ महिने ती रोज देवाचं नाव घेऊन बटण दाबत होती.

दवाखान्यात तिच्या आधी तिघं होते. ती बाकावर टेकली.

दोनशे टनांचा डंपर चालवणारी त्या खाणीतली ती पहिली बाई. सतरा पायऱ्या चढून वर बसलं, इंजिन धडधडायला लागलं, की तिला कुणाचा हेवा वाटत नसे. आता ते सगळं जाणार होतं. गांज्यापायी काढलेल्या माणसाला एमालाहलेनीतली दुसरी कुठलीच खाण दारात उभी करत नाही.

आणि हे सगळं नवऱ्याच्या टोस्टांमुळे.

नवरा वेलाफी रेल्वेतून निवृत्त झालेला. तिचा डंपर त्याला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. "त्या लोखंडी रेड्यावरून उतर आता, घरी बस माझ्याजवळ," हे त्याचं पालुपद बारा वर्षं चाललं होतं. त्यावरून दोघांची कडाक्याची भांडणं व्हायची. एकदा तर तिनं चार दिवस अबोला धरला होता.

गेल्या हिवाळ्यात डंपरच्या हादऱ्यांनी तिची पाठ धरली. डॉक्टरच्या गोळ्यांनी गुंगी यायची, आणि गुंगीत डंपर हाकता येत नाही. तेव्हा वेलाफीच म्हणाला होता, "परसात एक गांजाचं झाड लावलंय मी. घरीच टोस्ट भाजून त्यात घालून देतो. बडीशेप सढळ हातानं घातली की वाससुद्धा येणार नाही."

"आणि तपासणीत सापडले तर?"

"सापडलीस तर बघू."

त्यांच्या देशात आपल्या कुंपणाआड कुणी गांजा लावला, खाल्ला तर सरकारची हरकत नाही. खाणीची आहे. पण पाठ इतकी ठणकत होती की तिनं खाल्ला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती घरी यायची, हातपाय धुऊन बसायची. वेलाफी चहा आणि एक टोस्ट पुढे ठेवायचा. "चढायला अर्धा तास लागतो," असं म्हणून तेवढा वेळ गरम तेलानं तिची पाठ चोळत बसायचा. गावातल्या गप्पा सांगायचा, शेजारणीची नक्कल करून दाखवायचा. मग तिला अशी झोप लागायची की पहाटे गजर झाल्यावरच जाग. महिन्याभरात पाठ सुटली. परसातलं झाडही असं फोफावलं, पानापानांनी असं गच्च भरलं की कुंपणावरून डोकवायला लागलं.

तिनं फोन लावला.

"अहो वुसीचे बाबा, लाल लागला."

"मग?"

"मग काय मग? दवाखान्यात बसलेय मी!"

"दे की नमुना. त्यात काय एवढं?"

"नोकरी जाईल माझी!"

"गेली तर गेली. ये घरी, चहा टाकतो." आणि तो चक्क हसला.

तिनं फोन बंद केला. मग एकाएकी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बारा वर्षं भांडून जे जमलं नाही, ते या माणसानं गोडीगुलाबीनं साधलं होतं. एकेक टोस्ट भरवून त्यानं तिला डंपरवरून खाली उतरवलं होतं! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

पण राग फार वेळ टिकेना. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि त्यांतले हे शेवटचे आठ महिने सगळ्यात सुखाचे गेले होते. असं समोर बसून तिच्याशी तो पूर्वी कधी बोलला होता? डंपरसाठी जीव तुटत होता, तुटणारच. तरी घरी जायचं म्हटल्यावर तिला वाईट असं वाटेना. लबाड म्हातारा, ती मनात म्हणाली आणि तिला हसू आलं.

तिचा नंबर आला. सिस्टर गर्ट्रूडनं नमुना घेतला आणि त्यात पट्टी बुडवली. नोमासोन्तोनं गळ्यातला खाणीचा पास काढून टेबलावर ठेवला.

"पट्टी कशाला बघतेस, सिस्टर? मी खाते गांजा. आठ महिने झाले. नवरा टोस्टात घालून देतो. कामावर असताना कधी शिवले नाही, तेवढं मात्र लिही."

"तोंड मीट आणि बस गप," सिस्टर म्हणाली.

पाच मिनिटं झाली. सिस्टरनं पट्टी उजेडात धरली. मग दुसरी पट्टी काढली, बुडवली, तीही पाहिली. चष्मा कपाळावर चढवला.

"रोज खातेस म्हणालीस?"

"रोज."

"काल?"

"काल दोन खाल्ले. चांगले झाले होते."

सिस्टरनं पास उचलून तिच्या हातात ठेवला.

"रोज खाणाऱ्याच्या लघवीत गांजा महिनाभर सापडतो, बाई. तुझ्यात कणभरसुद्धा नाही. नवरा तुला आठ महिने नुसती बडीशेप खाऊ घालतोय. ऊठ, डंपर खोळंबलाय तुझा."