साहेबांच्या काळातला भाव

निरोप समारंभाला दोन दिवस उरले असताना मोठ्या साहेबांना हुक्की आली. आपल्या सात वर्षांच्या कारकिर्दीत कंपनीच्या शेअरने कशी भरारी घेतली, ते पडद्यावर झळकलं पाहिजे! काम अर्थातच शेअर विभागातल्या बाईंच्या गळ्यात पडलं. त्यांच्या बढतीच्या कागदावर साहेबांची सही अजून व्हायची होती, म्हणून त्यांनी निमूटपणे एकेका दिवसाचा भाव शोधून आलेख काढला. सात वर्षं भाव पायरीपायरीने खाली उतरत होता. फक्त अगदी शेवटी, एकाच दिवसात, तो ताडकन वर गेला होता.

बाईंनी भीतभीत कागद पुढे केला. साहेबांची नजर थेट त्या टोकावर गेली आणि चेहरा खुलला.

"बाकीचं सोडा हो, तेव्हा बाजारच पडलेला होता. हे टोक मोठं करून दाखवा आणि खाली ठळक लिहा, ‘साहेबांचा सर्वोत्तम निर्णय’. त्या दिवशी मी नेमकं काय जाहीर केलं होतं?"

बाईंनी तारीख पुन्हा एकदा पाहिली.

"राजीनामा, साहेब."