सीलबंद डबे

“बाळ केवढं आहे?” औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं.

“वर्षाचं,” वायरमनकाका म्हणाले आणि अडखळले. “म्हणजे, येईल तेव्हा झालेलं असेल.”

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. काकांचा हा बाळाच्या दूध पावडरीचा तिसरा डबा. पहिला अगदी तान्ह्या बाळाचा होता. “आईचं दूध पुरत असेल तर याची गरज नाही. आणि द्यायचाच झाला तर डॉक्टरांना विचारून द्या,” असं बाईंनी तेव्हाच बजावलं होतं. “प्रवासात काही झालं तर? घरात असलेला बरा,” असं म्हणून काकांनी तो नेला होता. सहा महिन्यांनंतरचा दुसरा डबाही असाच नेला.

“वर्ष झाल्यावर साधं दूध चालतं, काका. डबा कशाला?”

पण पहिल्यांदा घरी येणाऱ्या नातवाची साध्या दुधावर बोळवण करायची, हे काकांना काही पटेना. त्यांनी डबा उलटसुलट करून तारीख वाचली आणि चोरीचा माल न्यावा तसा पिशवीत वर्तमानपत्राखाली दडवला.

घरी दोन खोल्या आणि काका. बायको गेल्यापासून त्यांनी दूध बंद केलं होतं. कुणी विचारलं तर “पित्त होतं” म्हणून सांगायचे आणि कोरा चहा प्यायचे. खरं कारण वेगळं होतं. एकट्या माणसाला सगळ्यात लहान पिशवीसुद्धा संपत नाही. उरलेलं दूध रोज सकाळी मोरीत ओतताना त्यांना फार एकटं वाटायचं.

नातवाला त्यांनी फक्त फोनवर पाहिलं होतं, तेही बहुतेक वेळा नुसतं कपाळ. तेवढ्यावर माणूस वेडा झाला होता. जन्मभर लोकांच्या भिंती फोडून तारा ओढल्या, आता स्वतःच्या भिंती फोडायला घेतल्या. रांगत्या पोराचा हात जाईल असा एकही प्लग त्यांनी खाली ठेवला नाही, सगळे खांद्याच्या उंचीवर नेले. टेबलाच्या कोपऱ्यांना जुनी चादर फाडून गुंडाळली. डबे ओट्याखालच्या कपाटात, मोठ्या पातेल्यामागे लपवले.

मुलीचा फोन यायचा. “बाबा, पुढच्या महिन्यात यायचं म्हणतेय. त्रास नाही ना होणार तुम्हाला?”

काकांचा जीव सुपाएवढा व्हायचा. पण तिची नोकरी, तिचा संसार, पदरात लहान मूल. त्यात बापाने आशा लावून बसलोय म्हणून सांगायचं आणि पोरीच्या गळ्यात लोढणं अडकवायचं? म्हणून ते अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, “ये की. मी काही तयारीबियारी केलेली नाही हं. जमलं तर ये, नाहीतर राहू दे.”

मग काही दिवसांनी दुसरा फोन. कधी सुट्टी मिळत नसायची, कधी बाळाला सर्दी झालेली असायची. “हरकत नाही,” म्हणून काका फोन ठेवायचे. तिकडे बाळ मोठं होत होतं, इकडे डबा लहान पडत होता.

तिसऱ्या डब्याच्या वेळीही तेच झालं. काकांनी मग दुकानाच्या बाजूला जाणंच सोडलं.

आणि एका दुपारी अचानक फोन आला. “बाबा, ऑफिसच्या कामाने इकडे आलेय. बाळ आहे बरोबर. तासभर डोकावून जाते.”

काकांना नेहमीचं वाक्य बोलायला सवडच मिळाली नाही. ती आलीसुद्धा, कडेवर नातू. हा नुसतं कपाळ नव्हता, चांगला हातापायांचा गुटगुटीत गडी होता.

मुलगी चार्जर घेऊन भिंतीपाशी वाकली. “इथला प्लग कुठे गेला?”

“जुना झाला होता. वर घेतला.”

“सगळेच?”

“सगळेच जुने झाले होते.”

तेवढ्यात नातवाने भोकाड पसरलं. भूक लागली होती त्याला. काकांच्या पायांना पंख फुटले. “थांब, दूध करतो!” ते स्वयंपाकघरात धावले आणि कपाटाच्या दाराला हात घातला.

“साधंच द्या, बाबा,” मागून मुलीचा आवाज आला. “आता तो आपलं साधं दूधच पितो.”

काकांचा हात दारावरच राहिला. घरात साध्या दुधाचा थेंब नव्हता.

“आणतो,” एवढंच ते म्हणाले आणि भांडं घेऊन बाहेर पडले. बायको गेल्यानंतर समोरचं दार त्यांनी पहिल्यांदाच वाजवलं.

“तुम्हाला दूध?” समोरच्या वहिनी चकित झाल्या. “कुणी आलंय का?”

“नातू!” काका इतक्या मोठ्याने म्हणाले, की वरच्या मजल्यावरचं कुणीतरी जिन्यातून डोकावलं.

ते परतले तेव्हा रडणं थांबलेलं होतं. नातवाने सगळी पोरं शोधतात ते बरोबर शोधलं होतं, खालचं कपाट. एक डबा तो फरशीवर घरंगळवत होता, दुसऱ्यावर चमच्याने बडवत होता. तिसरा मुलीच्या मांडीवर होता. न उघडलेल्या झाकणाच्या कडेवरून ती बोट फिरवत होती.

काकांचे कान तापले. भांडं हातात धरून ते दारातच उभे राहिले. “आधी कळवायचंस ना, बाई,” ते घाईघाईने म्हणाले. “माझी काही तयारीच नव्हती बघ.”

मुलीने वरच्या प्लगकडे पाहिलं, टेबलाच्या चिंध्यांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या डब्याकडे.

“दर वेळी हेच म्हणायचात, बाबा,” ती म्हणाली. “म्हणून तर मी दर वेळी काढलेलं तिकीट रद्द करायची.”