साहेबांच्या दाराशी

भूसंपादनाच्या जुन्या सरकारी कचेरीचं आता संग्रहालय झालं होतं. हडपसरचे बजरंगराव लेकाबरोबर ते बघायला आले. शेतातून रस्ता गेला, तेव्हा त्यांनी इथं वर्षानुवर्षं खेटे घातले होते. साहेबांच्या दाराशी येताच त्यांनी सवयीनं वहाणा काढल्या. “आबा, घाला त्या. हे काय देऊळ आहे?” लेक ओशाळून म्हणाला. “देवळात एवढं ताटकळलो नाय कधी,” म्हणत ते अनवाणीच आत शिरले. दोरीपलीकडे साहेबांची खुर्ची मांडून ठेवली होती. तिच्यासमोर त्यांचे हात आपसूक जोडले गेले आणि ते स्वतःवरच चिडले. बाहेर येऊन बघतात, तर दाराशी बुटांची ही रांग! त्यांच्या वहाणा बघून मागून आलेल्या सगळ्यांनीच मुकाट्यानं बूट काढले होते. बजरंगरावांनी रांगेतून आपल्या वहाणा शोधल्या, पायांत घातल्या आणि करकर वाजवत ते पुन्हा साहेबांच्या खोलीत शिरले.