तांबड्याची आई

“ह्यो नको, बाबा. ह्यो फिलर हाय,” किरण म्हणाला आणि त्यानं फोनवरचा भाग बोटानं पुढं सरकवला.

हे धादांत खोटं होतं. एवढ्या लांबलचक जपानी कार्टून मालिकेत टाकून द्यावेत असे भाग पोत्यानं होते. मूळ चित्रकथेचं पुढचं पुस्तक येईस्तोवर वेळ काढायचा म्हणून ही जपानी मंडळी काहीबाही भरताड घालत. नायकाला गरम पाण्याच्या कुंडावर नेत, नाहीतर कुणाच्या तरी हरवलेल्या मांजरामागं धाडत. अशा भागांना फिलर म्हणतात, आणि ते कोणते हे लोकांनी इंटरनेटवर सांगूनच ठेवलं आहे. किरण बिरवाडीत कारखान्यात कामाला होता. कापडे गावाच्या वरच्या वाडीवर, त्याच्या घरी, जेमतेम फोनवर बोलण्यापुरती रेंज. म्हणून तो भाड्याच्या खोलीवरच फिलर गाळून बाकीचे भाग फोनमध्ये उतरवून घ्यायचा आणि सुट्टीला घरी यायचा. पण आत्ता सरकवलेला भाग फिलर नव्हता. अख्ख्या मालिकेचा कणा होता तो. चुकून उतरला होता, पुसायचा राहिला होता. त्यात नायकाची आई मरते.

आणि महिपतची बायको, किरणची आई बायजा, जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

महिपतला जपानी कळत नव्हतं आणि खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. किरण ती वाचून आपल्या बोलीत सांगायचा. लाल केसांच्या नायकाचं नाव महिपतच्या तोंडात बसेना, म्हणून तो त्याला तांबड्या म्हणायचा. तांबड्याची आई पायघोळ हिरवं काहीतरी नेसायची, ते महिपतच्या लेखी लुगडंच. आठवडाभर त्याला बोलायला म्हशींखेरीज कुणी नसे. मग किरण आला की तो साठवून ठेवलेले प्रश्न काढी. तांबड्याचं लगीन कवा? त्या राक्षसाचं शिंग परत उगवलं का? बापलेकांचं बोलणं ते एवढंच. बायजाचं नाव मात्र दोघांपैकी कुणी काढत नसे.

दुपारची जेवणं झाली होती. पडवीत पाण्याच्या तांब्याला फोन टेकवलेला होता. किरणनं पुढचा भाग लावला. तांबड्या तलवार घेऊन डोंगराकडं निघाला. कुणीतरी त्याच्या आईविषयी बोललं, तिथं किरणनं राक्षसाविषयी काहीतरी घुसडून दिलं. महिपतनं हुंकार भरला. तो भाग सुखरूप पार पडला. त्याच्या पुढचाही पडला. किरणचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात महिपतनं हात पुढं करून पडदा झाकला.

“ती हिरव्या लुगड्याची कुठं गेली?”

“असंल की घरात.”

“दर खेपंला तो निघाला का ती दारात उभी ऱ्हाते. फडक्यात भाकर बांधून देते. आज तो तसाच निघाला.”

“गेली असंल म्हायेराला.”

“मंग पोरगा असा मान खाली घालून का चालतोय?”

खरं म्हणजे किरणला हे आधीच कळायला हवं होतं. त्याच्या बापानं जन्मात कधी गुरं मोजली नव्हती. सांजेला म्हशी रानातून खाली उतरल्या की तो कळपावर एकदाच नजर फिरवी आणि कोण आली नाही ते नाव घेऊन सांगे. असल्या माणसाच्या डोळ्यांदेखत एक अख्खी बाई गायब करायला निघाला होता हा शहाणा.

“मेली ना ती?” महिपतनं विचारलं.

किरणनं मान डोलावली.

“मंग मला का नाय दाखवलंस?”

“तुमाला तरास होईल म्हनून.”

महिपत रागावला नाही. तो रागावला असता तर किरणला बरं वाटलं असतं.

“त्या दिशी दवाखान्यातनं पन तू असाच बोललास. आय बरी हाय, म्हशी टाकून येऊ नका. मी हितं दूध काढत बसलो, आन तिकडं ती गेली.”

डॉक्टरांनी किरणला त्या दिवशी सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरच्यांना बोलवून घ्या. त्यानं फोन लावला तो तेवढ्यासाठीच. पण बापाचा आवाज आला आणि त्याची जीभ वळेना. अजून एक रात्र तरी बाबाला सुखानं झोपू दे, असं त्याला वाटलं. ती रात्र बायजाला दिसलीच नाही. तेव्हापासून तो सुट्टीला येताना फोन भागांनी गच्च भरून आणत होता. बापाला दुसरं काही विचारायला सवड मिळू नये, म्हणून.

“बाबा, मी...”

“ऱ्हाऊ दे,” महिपत म्हणाला. त्यानं पडद्यावरचा हात काढला आणि फोन किरणकडं सारला. “लाव तो भाग. ती मरताना पोराला काय बोलली ते सगळं वाच. आन तो झाला का, तुझी आय काय बोलली ते सांग. मधलं काय पन गाळू नको.”